सरकारच्या नजरेतली बायको

माझ्याकडे बायकोचे फोटो पुष्कळ आहेत, पण त्यातल्या एकाही फोटोत ती चालत नाही.

ती गेल्यावर हे माझ्या लक्षात आलं. लग्नातली, बारशातली, मुलीच्या पदवीच्या दिवशीची, आधार कार्डावरची, पासबुकावरची, सगळीकडे ती आहे आणि सगळीकडे श्वास रोखून उभी आहे. समोर कॅमेरा आला की ती हात सरळ खाली सोडायची, हनुवटी आत घ्यायची आणि कोणीतरी ‘झालं’ म्हणेपर्यंत तशीच राहायची. फोनमध्ये व्हिडिओही आहेत. त्यात नातवाचं पहिलं पाऊल आहे, शेजाऱ्यांच्या गणपतीची मिरवणूक आहे, दुधनीच्या जलाशयात होडीत बसून घाबरलेला मी आहे. ती नाही, कारण फोन तिच्याच हातात असायचा. होडीच्या व्हिडिओत तिचा आवाज तेवढा येतो: “अहो, जरा हसा की. बुडत नाहीये होडी.”

मला ती चालताना पाहायची होती. तिची चाल साधी नव्हती. उजव्या खांद्यावर कायम पिशवी, म्हणून ती डावीकडे थोडी कललेली असायची. भरभर निघायची आणि ओळखीचं माणूस दिसलं की जागच्या जागी थांबायची. तिच्या ओळखीचं अर्धं सिल्वासा होतं, त्यामुळे दूध आणायला तिला माझ्या दुप्पट वेळ लागे. मी डोळे मिटून ती चाल आठवायला बसलो, तर आधार कार्डावरची बाई माझ्याकडे सरकत यायची, पाय न हलवता. तेराव्यानंतरच्या त्या दिवसांत मला खरी भीती वाटली ती याची. माणूस गेलं ते गेलं, पण तिची चालही माझ्याकडून जाणार, आणि उरणार ती पासबुकावरची.

एका सकाळी चहा ठेवता ठेवता मला आठवलं, की कोपऱ्यावर खांब आहे आणि खांबावर कॅमेरा आहे. म्हणजे गेली पाच-सहा वर्षं सरकारने तिला रोज चालताना पाहिलं होतं. माझ्याकडे जे नव्हतं ते सरकारकडे होतं.

माझ्यासारख्या माणसाला हे सुचावं याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. कारण मला एका विशिष्ट प्रकारच्या कादंबऱ्यांचं व्यसन आहे. कोकणातून इथल्या सरकारी मराठी शाळेत शिक्षक म्हणून आलो तेव्हापासून मी त्या वाचतोय. भविष्यकाळातलं एखादं राज्य असतं. तिथे भिंतींना डोळे असतात, रस्त्यांना डोळे असतात, उशीला कान असतात. सरकार सगळं पाहतं, म्हणून कोणी काही करत नाही. एक नायक असतो, त्याला शहरात डोळा न पोचणारा एक कोपरा सापडतो, तिथे तो प्रेम करतो किंवा डायरी लिहितो आणि शेवटी पकडला जातो. तो पकडला गेला नाही तर कादंबरी नीट संपल्यासारखी वाटत नाही.

बायकोने यातली एकही वाचली नाही. ती खानदेशातली, सायलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगच्या ऑफिसात होती. दिवसभर शंभर बायका आणि चार सुपरवायझर सांभाळून आलेल्या माणसाला भविष्यातल्या राज्याचं कौतुक नसतं. मी मात्र जेवताना गोष्ट सांगायचो. ती भाकरी मोडत ऐकायची आणि भलतंच विचारायची.

“इतक्या लोकांना बघायचं तर बघणारी माणसंही तितकीच लागतील. त्यांना पगार वेळेवर मिळतो का त्या पुस्तकात?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“मग नाही मिळत. आणि जेवायला सुट्टी?”

“अगं, ते राज्य आहे. कारखाना नाही.”

“दिवसभर एका जागी बसून बघायचं म्हणजे कारखानाच झाला. आमच्याकडे मालाची तपासणी करायला बसवलेली पोरगी दुपारनंतर काहीही पास करायची.”

त्या कादंबऱ्यांवरची एवढी टीका मी वाचली आहे. हा मुद्दा कोणी मांडलेला नाही.

मग आमच्या राखोली रोडच्या कोपऱ्यावर खरोखरच कॅमेरा आला. उंच खांब, त्यावर पांढरी डबी, खाली पाटी: आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात. पाटी गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होती. मराठीत नव्हती. यावर बायकोचं म्हणणं असं की मराठी माणसांवर नजर ठेवलेलीच नाही, तुम्ही उगाच मान खाली घालून चालता.

मी मान खाली घालून चालायचो हे खरं. खांबाजवळ आलो की माझी नजर आपोआप चपलांकडे जायची. मी काही करत नव्हतो, दूध आणत होतो. पण इतक्या नायकांना पकडलं जाताना पाहिल्यावर माणूस काळजी घेतो.

बाकीच्या गावाने कॅमेऱ्याशी लगेच जमवून घेतलं. भाजीवाली गिऱ्हाइकाशी वाद झाला की वर बोट करून म्हणायची, “तो बघी राहिला, मी किती दिले ते.” आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी आपली स्कूटर नेमकी खांबाखाली लावायला सुरुवात केली आणि राखणदाराला देतात तसा दिवाळीत खांबाला एक पेढा ठेवला. सीमेपलीकडे गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी तिकडची सभ्य माणसं इकडे येतात. ती आता तोंडाला रुमाल बांधून येऊ लागली आणि ओळखीच्यांना रुमालावरून ओळखून नमस्कार करू लागली. नदीकाठच्या बागेतली जोडपी एका झाडाखालून उठून दुसऱ्या झाडाखाली गेली. राज्यकारभार म्हणतात तो एवढाच झाला.

“बघा,” बायको म्हणायची, “तुमच्या पुस्तकात लोक घाबरतात. इथे सवय होते.”

“तेच जास्त भयंकर आहे,” मी म्हणायचो.

“मला नाही भयंकर वाटत. घरात तुम्ही पुस्तकातून मान वर काढाल तेव्हा माझ्याकडे बघणार. सरकार तरी बघतंय, बघू द्या.”

तर ते सरकारने पाहिलेलं मागायला मी गेलो.

कॅमेऱ्यांचं ऑफिस नव्या काचेच्या इमारतीत आहे. खिडकीवरचा माणूस गुजरातीत बोलत होता, मी मराठीत. सिल्वासात संभाषण असंच चालतं, भांडणही.

“काय चोरीला गेलं?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

“अपघात?”

“नाही.”

“मग फुटेज कशाला पाहिजे?”

“माझ्या मिसेस त्या रस्त्याने जायच्या. त्या चालताना मला बघायच्या आहेत.”

त्याने पेन खाली ठेवलं. इकडेतिकडे पाहिलं. आवाज एकदम घरगुती झाला. “काका, या वयात संशय बरा नाही. घरी बसून बोलून घ्या.”

“त्या वारल्या.”

माणूस वाईट नव्हता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग म्हणाला, “पण मग त्यांच्या प्रायव्हसीचा प्रश्न येतो ना.”

इतक्या कादंबऱ्या वाचल्या, पण एकाही सरकारच्या तोंडी मी हा शब्द पाहिला नव्हता. तिला न विचारता पाच-सहा वर्षं ज्यांनी तिला पाहिलं, त्यांना मी पाहतो म्हटल्यावर तिच्या खाजगीपणाची आठवण झाली. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, “सर, सरकारने बघणं वेगळं, घरच्यांनी बघणं वेगळं.” हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा मनात घोळवलं.

शेवटी त्यानेच वाट सांगितली. वस्तू हरवल्याची पोलिसांत नोंद असली तर फुटेज बघायला मिळतं. “पण लवकर करा. पंचवीसेक दिवसांचंच राहतं. नवं भरत जातं तसं मागचं आपोआप पुसत जातं.”

बायको दसऱ्यानंतर आठवड्याच्या आत गेली. सकाळी हृदय बंद पडलं, दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतरचे दिवस मी मोजले नव्हते. आता मोजायला लागलो. सरकार तिला रोज एक दिवस विसरत होतं.

चौकीत बसलेले हवालदार मला ओळखत होते. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता.

“बोला मास्तर, शुं खोवायुं? काय हरवलं?”

“माणूस,” मी म्हणालो, आणि काय झालं ते सांगितलं.

“वाईट झालं. पण गेलेलं माणूस हरवलेल्यात धरत नाहीत. वस्तू बोला, वस्तू. मोबाईल?”

“आहे.”

“सोनं?”

“आहे.”

“पर्स, पाकीट, चावी?”

“आहे सगळं.”

“सगळंच आहे तर आलात कशाला? मास्तर, तुम्ही पोरांना निबंधात कल्पना करायला सांगता ना? आता तुम्ही करा.”

मला कल्पना करता येईना. मग आठवलं, तिची जांभळी छत्री घरात सापडत नव्हती. ती कधी हरवली, गेल्या महिन्यात की तीन वर्षांपूर्वी, देव जाणे. पण हरवली होती हे खरं.

“छत्री.”

“पाऊस संपल्यावर?”

“उन्हाची.”

“हां,” हवालदार समाधानाने म्हणाले, “आता काम झालं.” आणि त्यांनी माझी सगळ्यात मोठी हानी छत्रीच्या नावावर नोंदवून घेतली.

मध्ये दिवाळी आली. सरकारला दिवाळीची सुट्टी असते, पुसण्याला नसते. त्या वर्षी आमच्या घरी आकाशकंदील नव्हता. कढई चढली नाही म्हणून शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे फराळ आणून दिला, चार घरांच्या चार चवींचे लाडू, आणि त्यातला एकही तिच्या हातचा नव्हता. मुलगी आली होती. मी रोज कॅलेंडरसमोर उभा राहतो हे तिने पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, माझ्याकडे आहेत की आईचे फोटो. मोठे करून देते.”

“त्यात ती उभी आहे.”

तिने तिचा फोन काढला, बराच वेळ बोटाने फोटो मागे सारत राहिली आणि शेवटी फोन उलटा ठेवला. भाऊबीज झाल्यावर ती परत गेली. कॅमेऱ्यांचं ऑफिस उघडलं त्या सकाळी मी शिपायाच्या आधी दारात होतो.

ज्या खोलीची माझ्या नायकांनी जन्मभर धास्ती घेतली त्या खोलीत मी त्या दिवशी चपला काढून शिरलो. दारावर तशी सूचना होती, धूळ नको म्हणून. आत भिंतभर पडदे. त्यातले काही निळे, काहींवर रस्ते, आणि मधल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर एक गाय. ती रस्त्याच्या मधोमध बसली होती आणि खोलीतली पाच माणसं तिच्याकडे पाहत होती. कंप्यूटरच्या कडेला अजून हळदकुंकवाची बोटं दिसत होती. कोपऱ्यातल्या मोठ्या यंत्रावर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि त्यावर चिकटून बसलेले तांदळाचे दोन-चार दाणे.

माझ्याकडे आलेला ऑपरेटर तिशीतला होता. माझं बोलणं ऐकून त्याचा चेहरा उजळला. “सर मराठी का? मी नंदुरबारकडचा. बसा ना. काय हरवलंय? छत्री ना?”

मी खरं सांगितलं. त्याने छत्रीचा कागद बाजूला ठेवला.

“फोटो आहे काकूंचा?”

मी आधार कार्ड दिलं. त्याने ते दोन-तीनदा पाहिलं, मान हलवली. ओळख पटल्याचं काही चिन्ह नव्हतं. “चेहरा टाकला की सिस्टीम शोधून देते,” तो म्हणाला आणि फोटो मशीनमध्ये घातला. यंत्र बराच वेळ शोधत राहिलं. मग एकापाठोपाठ एक चेहरे आले. पहिली बाजारातल्या साडीच्या दुकानाबाहेरची पुतळी होती, नेसवून उभी केलेली. दुसरी नवरात्रातल्या फलकावरची देवी. तिसरा मी होतो.

“कधी कधी असं करते,” तो ओशाळून म्हणाला. “श्वास रोखलेला फोटो असला की गोंधळते.”

“मग तुम्ही माणसं कशी शोधता?”

“आम्ही नाही ना शोधत सर. कोणी येऊन सांगतं, अमुक ठिकाणी बघा. मग बघतो.”

“बरं, राखोली रोडचा कोपरा बघा.”

इथे तो घुटमळला. शेजारच्या ऑपरेटरकडे पाहिलं, त्याने गाईकडे पाहिलं. “सर, एक गोष्ट आहे. रागावू नका. तिथलं थोडं… भगवं दिसेल.”

त्याने आमचा कोपरा पडद्यावर घेतला. पडदा संपूर्ण केशरी होता. मला आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग दिसलं की केशरी रंगाला पाकळ्या आहेत. झेंडू होता. कॅमेऱ्याच्या अगदी डोळ्याशी लटकलेलं एक टपोरं झेंडूचं फूल, त्याच्या कडेला आंब्याच्या पानाचं टोक, आणि मागे कुठेतरी सावल्या हलत होत्या, त्या रिक्षा असतील, माणसं असतील किंवा वारा.

“दसऱ्याला पूजा केली सगळ्या कॅमेऱ्यांची,” तो म्हणाला. “शिडीवाली टीम होती, तिने हार घातले. एका बाजूचे बाहेरून लागले, तुमच्या लाइनीतले डोळ्यावर आले.”

“आणि कोणी काढले नाहीत?”

“देवाला वाहिलेला हार कोण काढणार सर? ट्रकचा काढतात का? सुकून पडेल तेव्हा पडेल.”

त्याचं म्हणणं मला पटलं. दसऱ्यानंतर सायलीला जाऊन पाहावं, एकेक मशीन, एकेक टेम्पो, एकेक वजनकाटा नवरदेवासारखा हार घालून उभा असतो आणि तो उतरवण्याचं धाडस मालकही करत नाही. कॅमेरा काय वेगळा? तोही राबतोच. मी रोज त्याच्याखालून मान खाली घालून गेलो. ज्यांनी मान वर केली त्यांना हार दिसला, आणि दसऱ्यानंतर हार दिसण्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही.

“तेवढ्या दिवसांत चोऱ्या वाढल्या असतील,” मी म्हणालो.

“नाही ना. कोणाला कुठे माहीत होतं?”

म्हणजे आमचा अख्खा रस्ता जवळजवळ महिनाभर एका झेंडूच्या फुलाला घाबरून नीट वागत होता. रुमालवाले रुमाल बांधत होते. भाजीवाली वर बोट करत होती. मला हे सांगायला घरी कोणी नव्हतं, हे त्या क्षणी मला फार जाणवलं.

मग मी विचारलं, “दसऱ्याच्या आधीचं?”

“पुसलं गेलं. आता मागचं जे आहे ते दसऱ्याच्या सकाळपासून. तेही उद्या जाईल.”

म्हणजे झेंडूच्या आधीची एक सकाळ शिल्लक होती. आठ वाजताच्या सुमाराला ती दूध आणायला जायची. ऑपरेटरने घड्याळ मागे फिरवलं. केशरी रंग उडाला आणि आमचा कोपरा समोर आला, स्वच्छ, उन्हातला. खांबाला शिडी लावलेली होती. खाली टोपलीत हार होते आणि शिडीवर एक माणूस खांबाच्या मध्यावर हार बांधत होता. आवाज नव्हता.

मग डेअरीच्या बाजूने ती आली.

डावीकडे कलून, उजव्या खांद्यावर पिशवी, भरभर. मला वाटत होतं मी रडेन. मी फक्त पुढे वाकलो. पाऊल टाकताना ती टाच आधी टेकवत नसे, पूर्ण पाऊल एकदम टाकायची, हे मी इतकी वर्षं पाहिलं होतं आणि मला आठवलं नव्हतं.

“अरे!” ऑपरेटर खुर्चीतून अर्धा उठला. “ह्या काकू?”

शेजारचाही वळला. गाय एकटी पडली. “अरे, हात करणाऱ्या काकू!” तो हिंदीत ओरडला, आणि मागच्या टेबलावरून आणखी एक जण चहाचा कप घेऊन आला.

“तुम्ही ओळखता?” मी विचारलं.

“सर, रोज ना. खांबाखाली आल्या की वर बघून हात करायच्या. आमची सकाळची पाळी असली की आम्ही वाट बघायचो. पहिल्यांदा वाटलं कोणा ओळखीच्याला करतात. मग कळलं, आपल्यालाच करतात. कार्डावर ओळखूच आल्या नाहीत.”

“त्या आता नाहीत,” मी म्हणालो. खिडकीवर सांगितलं होतं, चौकीत सांगितलं होतं. इथे सांगताना पहिल्यांदाच असं वाटलं, की मी कोणाला तरी बातमी देतोय.

चहाचा कप घेतलेला माणूस तो तसाच धरून उभा राहिला. नंदुरबारकडचा हळूच म्हणाला, “आम्ही म्हणायचो, हार पडला की परत दिसतील.”

पडद्यावर ती शिडीखाली थांबली होती. वरच्या माणसाशी बोलत होती. त्याने खांबावर बांधलेल्या हाराकडे बोट केलं, झालं, अशा अर्थाने. तिने मान हलवली. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि थेट आमच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बोट दाखवलं. माणूस नको नको करत होता. ती ऐकत नव्हती. ओठांवरून काही कळत नव्हतं, पण मला ते कळायला ओठ लागत नव्हते. खांब काय करतो? नुसता उभा राहतो. काम तो करतो ना दिवसभर? मग हार त्याला घाला.

माणूस दोन पायऱ्या वर चढला. तिने खालून हाताने दाखवलं, थोडा डावीकडे, अजून, बस. मग आमच्याकडे पाहून हात केला. ऑपरेटरचा हात कीबोर्डवरून उचलला गेला आणि हवेतच राहिला. तेवढ्यात फुलं खाली आली.

माझ्या कादंबऱ्यांतल्या नायकांनी यंत्रणेचा डोळा फोडण्यासाठी काय काय नाही केलं. तारा तोडल्या, नकाशे चोरले, जीव दिले, आणि एकालाही जमलं नाही. माझ्या बायकोने तो दूध घेऊन येता येता, आदराने, सणाच्या दिवशी बंद केला आणि पुढे त्याच रस्त्याने आणखी काही दिवस भाजी आणली.

तेवढ्यात सुपरवायझर आले. त्यांनी नोंद वाचली, पडदा पाहिला आणि विचारलं, “छत्री दिसली?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग कॉपी देता येणार नाही. हरवलेली वस्तू फुटेजमध्ये दिसली तरच कॉपी.” त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण नियम होता. “आणि उद्या ते जाईलच.”

मी उठायला लागलो.

“बसा सर,” नंदुरबारकडचा म्हणाला. त्याने सुपरवायझरकडे पाहिलं. “कॉपीचा नियम आहे. बघायचा नाही ना?”

सुपरवायझर गाईच्या पडद्याकडे वळून हात मागे बांधून उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून.

त्याने घड्याळ पुन्हा मागे नेलं. “स्लो करू का? नीट दिसेल.”

“नको,” मी म्हणालो. “ती हळू चालत नसे.”

चहाचा कप हातात असलेल्याने माझ्यासाठी एक खुर्ची ओढली, स्वतःसाठी एक. डेअरीच्या बाजूला रस्ता रिकामा होता. मग ती आली, कललेली, भरभर, पूर्ण पाऊल टेकवत.